शेजाऱ्यांची शेती: श्रम, पाणी आणि जमीन

शेतीची कामे सगळ्यांच्या रानात एकदमच येतात. पाटण-जावळीकडे भातलावणीला पावसाचे मोजके दिवस मिळतात. माण, आटपाडी, जतच्या कोरडवाहू पट्ट्यात वाफसा आला की पेरणी उरकावीच लागते. घरची चार माणसे आणि एक बैल त्याला पुरत नाही. म्हणून सातारा-सांगलीच्या गावांत सावड, वारंगुळा, पैरा अशा नावांनी श्रमांची देवघेव चालत आली. एकेक बैल असलेले दोघे मिळून जोडी जुळवतात. एकाच्या भांगलणीला चौघे आले, की त्याने चौघांच्या रानात एकेक दिवस भरायचा. याचा हिशेब कुणी लिहीत नाही, पण विसरतही नाही. पैरा न फेडणाऱ्याला पुढच्या हंगामात माणूस मिळत नाही. इर्जिकीची रीत निराळी. तिच्यात नांगरटीसारखे मोठे काम अनेकांचे बैल लावून उरकायचे आणि मालकाने सगळ्यांना जेवू घालायचे.

ट्रॅक्टर आला, मजुरी रोखीने मिळू लागली, तशी ही रीत मागे पडली; संपली मात्र नाही. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव पहिले आले, तेही श्रमदानाच्या बळावर.

श्रमांपेक्षा पाणी वाटून घेणे अवघड. त्याचे ठळक उदाहरण सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर आहे. दुष्काळाने होरपळलेल्या बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने बळीराजा स्मृती धरण उभारायला घेतले. नदीतील वाळूच्या बेसुमार उपशाला या गावांचा विरोध होता. धरणासाठी पैसा मात्र थोडी वाळू विकूनच उभा केला. पाणीवाटपाचा नियम त्याहून धाडसी ठरला. हिस्सा जमिनीच्या एकरांवर नव्हे, कुटुंबावर ठरवायचा, भूमिहीनालाही तो द्यायचा आणि उसाला पाणी नाही. जमीनच नाही त्याने पाण्याचे काय करायचे? कोरडवाहू रान असलेल्या शेजाऱ्याशी तो वाट्याची शेती ठरवू शकतो आणि या व्यवहारात त्याच्याकडे घालायला नुसते हात नसतात, पाणीही असते. उसाच्या मुलखात असा नियम करणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणेच.

सर्वांत अवघड म्हणजे जमीन एकत्र करणे. मिरज तालुक्यातील म्हैसाळला मधुकर देवल यांनी १९६९ मध्ये दलित कुटुंबांची विठ्ठल संयुक्त सहकारी शेती संस्था उभी केली. सावकाराकडे अडकलेले जमिनीचे तुकडे सोडवून ते एकत्र कसायचे, असा तो प्रयोग होता. सुटे तुकडे कसणाऱ्याला विहीर, पाइपलाइन किंवा बागायत एकट्याच्या बळावर परवडत नाही. संस्थेला ते जमू शकते. तरीही हा नमुना गावोगाव पसरला नाही. सातबारावरचे नाव, वारसांची वाटणी, कर्जासाठीचे तारण यांतून सामायिक जमिनीवर पेच उभे राहतात. त्यामुळे आजचे शेतकरी गट सहसा बांध जागच्या जागी ठेवतात आणि बियाणे-खतांची खरेदी, अवजारे आणि मालाची विक्री तेवढी एकत्र करतात.