मुलांसाठी कुंभाराचे चाक निवडताना

डिचोली म्हटले की खाणींइतकीच येथील मातीची भांडीही आठवतात. या मातीत लोहाचा अंश असल्याने भाजल्यावर भांड्याला तांबडा रंग चढतो. पणत्या, मडकी, कुंड्या घडविणाऱ्या कुंभारांनी हे नाव राखले. मात्र घराघरांत प्लास्टिक आणि स्टील आल्यापासून चाकावर बसणारे हात कमी होत गेले. अशा वेळी मुलांच्या हाती माती देण्याची इच्छा पालकांत आणि शाळांत दिसते, ही आश्वासक गोष्ट आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना उपक्रम सुचविला असून, ज्यांच्याकडे शिकायचे त्या स्थानिक कारागिरांत कुंभारांचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रश्न उरतो तो चाक कोणते घ्यावे, हा.

चाकांचे मुख्य प्रकार तीन. काठीने गती देऊन फिरविण्याचे पारंपरिक जड चाक, पायाने फिरविण्याचे चाक आणि विजेवर चालणारे चाक. काठीच्या चाकाला वीज लागत नाही. पण ते फिरविण्यास बळ आणि सराव लागतो. शिवाय गती सतत उतरत असल्याने नवख्याला अंदाज येत नाही. पायाच्या चाकासाठी पाय पोहोचेल इतकी उंची हवी. म्हणून लहान मुलांसाठी विजेचे चाक सोयीचे ठरते. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या कुंभार सशक्तीकरण उपक्रमातही कारागिरांना विजेची चाकेच देण्यात आली.

विजेचे चाक घेताना वेगापेक्षा मंद गतीकडे पाहावे. बहुतेक चाके मिनिटाला दोनशेहून अधिक फेरे घेतात. मुलांना त्याची गरज नसते. हळू फिरत असताना मातीच्या गोळ्यावर दोन्ही हातांनी दाब द्यावा. चाक अडखळले किंवा थांबले, तर ते घेऊ नये. स्वस्त खेळण्यातील चाके नेमकी येथेच हरतात. गोळा मध्यावर बसत नाही, भिंत वाकडी होते आणि ‘मला जमत नाही’ असे म्हणून मूल उठते. दोष यंत्राचा असतो, पण उत्साह मुलाचा मावळतो.

चाक थरथरणारे नसावे. बैठक चाकाच्या पातळीच्या जवळपास असावी, म्हणजे कोपर मांडीवर टेकून हात स्थिर राहतात. चाक दोन्ही दिशांना फिरविण्याची सोय असल्यास डावखुऱ्या मुलांची अडचण टळते. पाणी आणि वीज एकत्र येत असल्याने अर्थिंग आणि आरसीसीबी आवश्यक आहे. मोठ्या माणसाने जवळ थांबावेच. सुकलेली माती झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. तिची धूळ फुफ्फुसांना घातक असते.

आरंभी अर्धा किलो माती पुरेशी. ती नीट मळून, आतील हवा काढून मगच चाकावर ठेवावी. बिघडलेली भांडी पुन्हा भिजवून तीच माती वापरता येते, त्यामुळे भट्टी नसली तरी शिकणे अडत नाही. पावसाळ्यात भांडी सुकण्यास वेळ लागतो. अर्धवट ओले भांडे भाजल्यास फुटते, हे मुलांना आधीच सांगावे.

अगदी लहान मुलांना चाकाची घाई नको. बोटांनी दाबून पणती आणि वळ्या रचून वाटी करता आली की हाताला मातीची ओळख होते. त्यानंतरही खरेदीपूर्वी एकदा कुंभाराकडे जाऊन, त्याच्या वेळेचे मोल देऊन, मुलाला चाकावर बसवावे. डिचोलीकरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. मूल तासभर रमले, तर खर्च सार्थकी लागेल. न रमल्यास पैसे वाचतील आणि कुंभाराच्या हातातील कौशल्य त्याने जवळून पाहिलेले असेल.