तान्हा पोळा: पोरांचा मुकुट कागदाचाच बरा

पोळा जवळ आला आहे. श्रावण अमावास्येला मोठ्या बैलांचा मान, आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, आपल्या विदर्भातल्या पोरांचा तान्हा पोळा. लाकडी नंदी सजवायचा, स्वतः नटायचे, तोरणाखाली रांगेत उभे राहायचे आणि मग घरोघरी जाऊन बोजारा घ्यायचा. ही रीत नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आली असे जुनी माणसे सांगतात. आता गावोगावी वेशभूषेचे नंबरही काढतात. कोणी राजा होतो, कोणी शेतकरी, कोणी मिशावाला पाटील.

शेतीखात्यातला माणूस म्हणून मला अशा वेळी परीक्षक करून बसवतात. काही वर्षांपूर्वी एका गावात मी ज्या पोराला पहिला नंबर दिला, त्याच्या डोक्यावर थर्माकोलचा भलामोठा मुकुट होता. त्याला चमकीचा प्लॅस्टिक कागद, मागून तार आणि सगळीकडे टाचण्या. दिसायला झकास. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

पुढे दिवाळीच्या सुमारास त्याच गावात गेलो असता एक शेतकरी रस्त्यात भेटले. "साहेब, बैल चार दिवसांपासून कडब्याले तोंड लावत नाही. पोट फुगते अन् उतरते."

"डॉक्टरले दाखवलं का काकाजी?"

"दाखवलं. आज पोट फाडतो म्हणते."

मी थांबलो. पशुवैद्यकांनी बैलाच्या पोटातून जे काढले त्याने टोपले भरले. पिशव्यांच्या गाठी, नायलॉनच्या दोऱ्या आणि त्यात चमकीच्या कागदाचे गोळे. ते नेमके त्या मुकुटाचेच होते असे मी म्हणणार नाही. पण सण झाल्यावर सजावट उकिरड्यावर जाते आणि आपली जनावरे उकिरड्यावर तोंड घालतात, हे कोणी नाकारू शकत नाही. त्या दिवसापासून चमकीच्या मुकुटाला मी नंबर दिलेला नाही.

पोटात काय होते?

बैल चारा निवडून खात नाही. जिभेने ओढतो, अर्धवट चावून गिळतो आणि नंतर निवांत रवंथ करतो. चाऱ्याबरोबर गेलेले प्लॅस्टिक पहिल्या मोठ्या पोटात अडकते. ते कुजत नाही, पुढेही सरकत नाही. वर्षानुवर्षे साचून त्याचा गोळा होतो. टाचणी आणि तार त्याहून वाईट. ती जड असल्याने जाळीदार पोटात जाऊन बसते. त्या पोटाच्या पुढे, मध्ये एक पडदा सोडला तर, लगेच हृदय. पोट आकसले की तार पुढे घुसते. जनावर रवंथ टाकते, कोपरे बाहेर काढून उभे राहते, उतारावर चालायला कुरकुरते. ही लक्षणे दिसताच गावठी उपाय करत बसू नका, पशुवैद्यकाला बोलवा.

मग मुकुट कशाचा?

कागदाचा आणि खळीचा. हे काम एका संध्याकाळी पोरांना घेऊन ओसरीवर बसले तरी होते.

आधी खळ. एक वाटी मैदा किंवा चाळलेली कणीक थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवावी. मग चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहावे. चकाकी आली की उतरवावी. जुनी माणसे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, पोरांच्या खळीत मुळीच घालू नये. लागेल तेवढीच ताजी करावी.

वर्तमानपत्राच्या तावाची घडी घालत चार बोटे रुंद पट्टी करावी. पोराच्या डोक्याभोवती गुंडाळून दोन बोटे एकावर एक येतील अशी चिकटवावी. समोरचे बाशिंग जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे छान होते. कागद मधोमध दुमडून अर्धे पिंपळपान कापले की उलगडल्यावर दोन्ही बाजू सारख्या येतात. गोंड्यासाठी पतंगी कागदाची पट्टी एका कडेने बारीक कातरून गुंडाळावी. अंगठीएवढी कडी एकात एक ओवून चिकटवली की माळ झाली. मिशा काळ्या कागदाच्या, कानाला सुती दोरा. नंदीची झूल, मठाठी, शिंगांचे गोंडे याच रीतीने.

पिवळ्या रंगाला हळदीचे पाणी. त्यात चुन्याची निवळी टाकली की लाल होते. चुना मात्र मोठ्यांनी हाताळावा. स्टेपलर, टाचणी, चिकटपट्टी यांपैकी काही लागत नाही. पट्टी सैल झाली तर पुन्हा खळ लावावी.

एक गोष्ट विसरू नका

पोळ्याच्या दिवसांत कपाशीवर फवारणी चालू असते. घरात औषधांचे रंगीत खोके आणि बियाण्यांच्या चकचकीत पिशव्या पडलेल्या असतात. पोरांना तोच कागद सुंदर वाटतो. एका घरी बियाण्याच्या पिशवीची टोपी घातलेले पोर मी स्वतः पाहिले आहे. त्या बियाण्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेले असते. पिशवीत हात घातला की बोटांना लागतो तो रंग त्याचाच. तोच कागद पोर कपाळाला बांधते आणि ओठाला मिशी म्हणून लावते. औषधाच्या वेष्टनावर रंगीत खूण असते, लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळी, निळी, हिरवी. पण हिरवी आहे म्हणून तो कागद खेळायला चालतो असे नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे जीव गेले. मोठ्या माणसाचे जे झाले ते पोराचे व्हायला किती वेळ लागतो? खोके आणि पिशव्या कुलपात ठेवा.

गावाने काय करावे?

थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ साली बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. तरी बाजारात माल दिसतो आणि पोर हट्ट करते. सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना विनंती की यंदा दवंडीतच सांगावे, नंबर मिळेल तो कागद, कापड आणि पानाफुलांच्या सजावटीलाच. गुरुजींनी शाळेत आदल्या दिवशी दोन तास द्यावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी, जनावरे सुटण्याआधी, तोरणाची जागा झाडून घ्यावी.

मागच्या पोळ्याला एका आजीबाई नातवाच्या बाशिंगाला खळ लावत मला म्हणाल्या, "आमच्या टाइमाले दुकानातलं काईच नव्हतं बाप्पा. तरी बैलही सजे अन् पोट्टेही."

शेतकरी बंधूंनो, वर्षभर राबणाऱ्या बैलाचे उपकार फेडायला आपण एक दिवस त्याला सजवतो. त्या सजावटीतले काही त्याच्या पोटात जाणार नाही एवढे पाहिले, तर पोळा खऱ्या अर्थाने त्याचा झाला.