तेल विहिरीतून घरापर्यंत कसे येते?

रायगड-रत्नागिरीकडच्या आपल्या अनेक घरांतले कोणी ना कोणी आखातात असते. "मुलगा कुठे असतो?" असे विचारले की "कुवेतला, ऑइल कंपनीत" असे उत्तर मिळते. तो तिथे नेमके काय करतो, हे मात्र त्याच्या अम्मी-अब्बांनाही सांगता येत नाही. दहावीचा निकाल लागला की "सर, ऑइल अँड गॅसचा कोर्स करू का?" असे विचारणारी मुले दरवर्षी भेटतात. त्यांना मी आधी एकच विचारतो : तेल जमिनीतून बाहेर कसे येते, ठाऊक आहे का? बहुतेक जण गप्प बसतात. ज्या कामासाठी घरदार सोडायचे, कधी कर्जही काढायचे, ते काम आधी समजून घ्यायला नको का?

तळे नव्हे, खडक

जमिनीखाली तेलाचे तळे असते, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नसते. भाजलेली वीट पाण्यात बुडवली की तिच्या बारीक छिद्रांत पाणी शिरते. तेलही असेच खडकाच्या छिद्रांत भरलेले असते. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातले सूक्ष्म जीव मरून चिखलात गाडले गेले. वरचा दाब आणि आतली उष्णता यांमुळे त्यांचे तेल आणि वायू झाले. हे पदार्थ पाण्यापेक्षा हलके, म्हणून वर सरकत गेले. वाटेत जिथे घट्ट खडकाचे झाकण लागले, तिथे ते अडकून राहिले.

याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे मुंबई हाय. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर भर समुद्रात फेब्रुवारी 1974 मध्ये 'सागर सम्राट' या रिगने तेल शोधले आणि मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. तिथे पाणी सुमारे 75 मीटर खोल आहे. तेल मात्र समुद्रतळाच्याही एक किलोमीटरहून अधिक खाली, चुनखडीच्या खडकात आहे.

विहीर कशी खोदतात?

ही विहीर आपल्या गावच्या विहिरीसारखी रुंद नसते. वरचे तोंड हात-दीड हात, खाली जाईल तशी आणखी अरुंद. पोलादी पाइपांच्या टोकाला दातेरी ड्रिल बिट लावून तो फिरवतात. सुमारे नऊ-नऊ मीटरचे पाइप एकाला एक जोडत खाली जातात.

खोदताना पाइपातून एक खास चिखल सतत आत सोडतात. त्याला 'मड' म्हणतात. हा मड बिट थंड ठेवतो आणि खडकाचा चुरा वर आणतो. त्याचे तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे : त्याच्या वजनाने खालच्या तेल-वायूचा दाब रोखला जातो. मड हलका पडला तर वायू उसळून वर येतो. त्यालाच 'ब्लोआउट' म्हणतात. तो थांबवण्यासाठी विहिरीच्या तोंडावर अवजड झडपांचा संच बसवलेला असतो.

ठरावीक खोली गाठली की विहिरीत पोलादी नळी, म्हणजे 'केसिंग', उतरवून भोवती सिमेंट भरतात. शेवटी तेलाच्या थरासमोर छोटे स्फोट करून केसिंगला भोके पाडतात आणि तेल आत येऊ लागते. मग रिग निघून जाते. विहिरीच्या तोंडावर उरतो तो झडपांचा झाडासारखा मनोरा. त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. सुरुवातीला तेल आपल्याच दाबाने वर येते. दाब कमी झाला की खाली वायू सोडून किंवा खडकात पाणी भरून ते वर आणावे लागते.

वेगळे करणे आणि पाठवणे

विहिरीतून येते ते निव्वळ तेल नसते. त्यात वायू, खारे पाणी आणि वाळूही असते. हे मिश्रण 'सेपरेटर' नावाच्या मोठ्या टाकीत जाते. वायू वर जमतो, तेल मध्ये राहते, पाणी तळाशी बसते. ताकावर लोणी यावे, तसा हा साधा हिशेब.

वायूतला ओलावा काढून तो कॉम्प्रेसरने दाबतात, तेल पंपाने पुढे ढकलतात. मुंबई हायचे तेल आधी जहाजांतून येई. 1978 पासून ते समुद्रतळावरच्या सुमारे 200 किलोमीटर पाइपलाइनने उरणला येऊ लागले. तिथून ते तुर्भ्याच्या रिफायनऱ्यांकडे जाते. उरणच्या प्रकल्पात वायूपासून एलपीजी वेगळा काढतात. आपल्या घरातला 14.2 किलोचा सिलिंडर अशाच एखाद्या साखळीतून आलेला असतो. त्या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळतात.

पाइपलाइन एकदा टाकली की काम संपत नाही. आत मेण आणि गाळ साचतो, पोलाद गंजते. म्हणून पाइपातून 'पिग' नावाचे साधन सोडून आतून सफाई आणि तपासणी करतात.

धोका कुठे आहे?

27 जुलै 2005 रोजी मुंबई हायच्या एका प्लॅटफॉर्मजवळ आलेले जहाज समुद्रातून वर येणाऱ्या वायूच्या उभ्या पाइपांवर आदळले. आग लागली आणि 22 जणांचा बळी गेला. मे 2021 च्या तौक्ते वादळात याच भागात कामगारांच्या निवासाची पी-305 ही बार्ज बुडाली आणि 70हून अधिक कामगार गेले. त्यांत वेल्डर, फिटर, हेल्पर अशी आपल्या घरांतल्यासारखीच माणसे होती.

आखातातल्या अनेक विहिरींच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. म्हणून वास गेला म्हणजे धोका गेला, असे कधीही समजू नये. अलार्म वाजला की वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी पाहून, वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाजूला होत, वायूच्या वरच्या अंगाला जायचे. सोबती कोसळला तरी श्वसनयंत्र लावल्याशिवाय त्याच्याकडे धावायचे नाही. हे ठाऊक नसल्याने एकाला वाचवायला गेलेला दुसराही दगावतो.

साखळीत आपला मुलगा कुठे?

'ऑइल अँड गॅस' ही एक नोकरी नाही. ड्रिलिंगवर पाइप जोडणारे मजूर आणि ड्रिलर लागतात. सेपरेटर आणि कॉम्प्रेसर चालवायला ऑपरेटर, मोजमापाची उपकरणे सांभाळायला इन्स्ट्रुमेंट तंत्रज्ञ, पाइपलाइनवर वेल्डर, फिटर, रिगर. आयटीआयमध्ये फिटर, वेल्डर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, केमिकल प्लांटचा अटेंडंट ऑपरेटर असे ट्रेड शिकवतात. दोन महिन्यांच्या महागड्या कोर्सच्या चकचकीत प्रमाणपत्रापेक्षा हातात आलेला असा एक ट्रेड अधिक उपयोगी पडतो.

म्हणून पासपोर्ट एजंटच्या हाती देण्यापूर्वी घरच्यांनी चार प्रश्न विचारावेत. काम रिगवर, प्लांटमध्ये की पाइपलाइनवर? करारात पदाचे नाव 'हेल्पर' आहे की शिकलेल्या ट्रेडचे? त्या जागी विषारी वायू आहे का, आणि असल्यास त्याचे प्रशिक्षण कामापूर्वी मिळणार का? एजंटची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का? नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. लाख-दोन लाख मागणाऱ्याकडे पावती मागून पाहा.

आणखी एक गोष्ट. दहावी पास नसलेल्याला आखातात कामाला जाण्यासाठी एरवी सरकारची वेगळी इमिग्रेशन मंजुरी लागते, दहावी पास असलेल्याला लागत नाही. तेव्हा नववीतून शाळा सोडून "चाचांकडे दुबईला जातो" म्हणणाऱ्या मुलाला एक वर्ष थांबवा. दहावी होऊ द्या, मग एक ट्रेड शिकू द्या. तेलाच्या विहिरी कुठे पळून जात नाहीत. समजून-उमजून गेलेला मुलगा पगार तर पाठवेलच, शिवाय हातपाय धड ठेवून घरी परतेल, इन्शाअल्लाह.