तिरपे ऊन आणि तांब्याभर पाणी

दख्खनच्या पठारावरील शहरांत कार्तिक सरता सरता गॅलरीतल्या कुंड्यांना अवकळा येऊ लागते, पाने पिवळी पडतात, तुळशीच्या काड्या होतात, आणि या सगळ्याचे खापर सर्रास थंडीवर फोडले जाते. निफाडच्या परिसरात काही वर्षी पारा ५ अंश सेल्सियसखाली उतरतो आणि द्राक्षबागायतदारांना बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात, हे खरे. परंतु पुण्यातील सदनिकेची गॅलरी म्हणजे निफाडचे उघडे शेत नव्हे. निरभ्र रात्री पान आपली उष्णता प्रारणाने, म्हणजे मधल्या हवेच्या मध्यस्थीवाचून, थेट आकाशाकडे टाकते आणि भोवतालच्या हवेहूनही गार होते. गच्चीवरच्या रोपांना ही झळ पुरती बसते, तर गॅलरीतल्या रोपाच्या डोक्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब असतो, तो दिवसाची ऊब काही काळ धरून ठेवतो आणि आकाशही झाकतो. तेव्हा गॅलरीतील रोपे हिवाळ्यात का खंगतात, याचे उत्तर थंडीपेक्षा ऊन आणि पाणी यांच्या हिशेबात शोधणे अधिक युक्त ठरते.

उन्हाचा हिशेब सरळ भूमितीचा आहे. पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर वसले असल्यामुळे २२ डिसेंबरच्या सुमारास तेथे मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो; उलट २१ जूनला तो माथ्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो. याचा अर्थ असा की दक्षिणेकडील गॅलरीत उन्हाळ्याच्या अखेरीस दुपारचे ऊन फिरकतही नाही, पण मार्गशीर्षात ते स्लॅबच्या कडेखालून तिरपे आत शिरते. कड जमिनीपासून १० फूट उंच असेल, तर मध्यान्ही सुमारे ९ फुटांपर्यंत, म्हणजे बहुतेक घरांत उंबरा ओलांडून दिवाणखान्यात पोहोचते. उत्तरेच्या गॅलरीला मात्र या काळात थेट ऊन मिळतच नाही. जूनमध्ये लावलेली कुंड्यांची मांडणी डिसेंबरात तशीच राहिली, तर जास्वंद सावलीत कुढत राहते आणि नेचा उन्हात करपतो. म्हणून दिवाळीची साफसफाई हीच कुंड्यांच्या जागा बदलण्याचीही योग्य वेळ होय. दक्षिणेच्या कठड्याशी येणारे हे कोवळे ऊन कोथिंबिरीला विशेष मानवते, कारण उन्हाळ्यात लवकर फुलोऱ्यावर जाणारे हे पीक थंडीत निवांत पाने धरते. धणा हा एकच दाणा दिसला, तरी ते दोन बियांचे जोडफळ असते. तळहाताखाली हलके रगडून त्याच्या दोन डाळी केल्या, रात्रभर भिजवल्या आणि अर्धा इंच खोल पेरल्या, की आठ-दहा दिवसांत कोंब वर येतात.

घराच्या आत उजेड किती झपाट्याने घटतो, याचा अंदाज डोळ्यांना येत नाही, कारण बाहुली लहानमोठी होऊन तो फरक झाकते. भर उन्हात सुमारे १ लाख लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) असणारा उजेड खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात काही शेकड्यांवर येतो. मनी प्लांट आणि स्नेक प्लांट तेवढ्यावर तग धरतात. फुलझाडे धरत नाहीत.

प्रकाशाइतकीच रात्रीची लांबीही महत्त्वाची असते. डब्ल्यू. डब्ल्यू. गार्नर आणि एच. ए. ॲलर्ड या अमेरिकी कृषी खात्यातील शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिले, की अनेक वनस्पती दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात. या गुणधर्माला दीप्तिकालिता म्हणतात. शेवंती आणि पॉइन्सेटिया यांना कळ्या धरण्यासाठी लांबलचक, अखंड रात्र लागते, आणि डिसेंबरात पुण्याची रात्र सुमारे १३ तासांची होत असल्याने ती त्यांना आपसूक मिळते. पॉइन्सेटियाचा लाल भाग ही फुले नसून छदे, म्हणजे फुलांखालची रंगीत पाने असतात, आणि त्यांचा रंगही याच काळोखावर अवलंबून असतो. गॅलरीसमोर रस्त्याचा दिवा असेल किंवा तेथे रात्रभर बल्ब जळत असेल, तर काळोखाची सलगता मोडते आणि खतपाणी चोख असूनही झाड हिरवेगारच राहते. अशी कुंडी अंधाऱ्या बाजूला सरकवणे हाच त्यावर इलाज. पॉलिहाउसमधील शेवंती उत्पादक हेच तत्त्व उलटे वापरतात, आणि रात्री दिवे लावून फुलोरा हवा तेवढा लांबवतात.

सर्वांत जास्त रोपे मात्र पाण्यापायी जातात, आणि त्यातही तुळशीचे उदाहरण मन लावून पाहण्यासारखे आहे. वाड्याच्या अंगणातील वृंदावनात मातीचा मोठा साठा असे आणि तो बहुधा खालच्या जमिनीशी जोडलेला असे. त्यावर रोज तांब्याभर पाणी घातले, तरी ते खोल झिरपून जाई. आज तीच तुळस पाचव्या मजल्यावर आठ इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत आहे, खाली ताटली आहे, आणि तांब्या मात्र तेवढाच आहे. मातीच्या कुंडीच्या सच्छिद्र भिंतींतून ओलावा उडतो, प्लॅस्टिकमधून उडत नाही; थंडीत मुळांची पाणी शोषण्याची गतीही मंदावते. परिणामी मातीतील पोकळ्या पाण्याने भरून राहतात, वाफसा, म्हणजे मातीत पाणी आणि हवा यांचा मेळ असलेली स्थिती, येतच नाही, आणि मुळे प्राणवायूवाचून कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नसल्याने झाड तहानल्यासारखे माना टाकते, आणि ते पाहून घरची माणसे कळवळून आणखी पाणी घालतात. बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहिली, की खरी स्थिती लगेच समजते: वरचा थर फटफटीत कोरडा दिसत असला, तरी दुसऱ्या पेराशी माती ओली व थंड लागते. अशा वेळी स्नानोत्तर अर्घ्य तांब्याऐवजी पळीने द्यावे. नेम मोडत नाही आणि तुळसही वाचते. ताटलीत साचलेले पाणी त्याच दिवशी ओतून टाकावे, आणि कुंडीच्या तळाचे भोक मातीने बुजले नाही ना, हेही पाहावे.

तुळशी विवाहाच्या सुमारास झाड मंजिऱ्यांनी लगडलेले असते. बी भरू लागले की झाडाची शक्ती तिकडे वळते आणि नवी पाने येणे थांबते, म्हणून मंजिऱ्या वेळीच खुडणे आवश्यक असते. तुळशीला कात्री लावायला अनेक घरांत मन धजावत नाही. पण मंजिरी विष्णूला प्रिय मानली जात असल्याने ती खुडून देवाला वाहण्याची वाट परंपरेनेच मोकळी ठेवली आहे. दोन-चार मंजिऱ्या झाडावरच वाळू द्याव्यात. त्यांतले बारीक बी आपोआप गळते, शेजारच्या कुंड्यांत पडून राहते, आणि फाल्गुनात माती तापू लागली की कुणी न पेरलेल्या जागी, कधी कोथिंबिरीच्या रिकाम्या झालेल्या कुंडीतही, तुळशीची दोन पानी रोपे उगवतात.