सटवाईचा लेख

हिंगोलीसह मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत बाळाची पाचवी-सहावी पुजतात. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची; रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, अशी समजूत. ‘सटवाई’ हे नाव षष्ठीवरून, म्हणजे सहाव्या दिवसावरून आले. आपल्याकडे नशीब लिहिलेले असते; इंग्रजीत नशिबाला ‘फेट’ म्हणतात. मूळ लॅटिन ‘फातुम’, म्हणजे उच्चारलेले. वाईट नशीब माथी मारणे या अर्थाचे ‘डूम’ हे क्रियापद मात्र जुन्या इंग्रजीतल्या निवाड्याच्या शब्दावरून आले. म्हणून त्याला शिक्षेचा वास आहे.

मला पाचवी-सहावीच्या विधीतले रात्रीचे जागरण मोलाचे वाटते. जगभरातल्या नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात. नेमक्या त्याच दिवसांत घरातल्या बाया दिवा तेवत ठेवून बाळ-बाळंतिणीपाशी बसतात.