आधी झाड, मग फुलपाखरू

पावसाळा सरत आला की गॅलरीतल्या कढीपत्त्याकडे जरा वाकून बघावं. कोवळ्या पानाच्या मधोमध काळपट-तपकिरी, पोटाशी पांढरा पट्टा असलेलं, ओलसर चकाकणारं काहीतरी चिकटलेलं दिसतं. पक्ष्याची शिट पडली असेल म्हणून आपण ते पान खुडायला जातो, तर शिट पुढच्या पानाकडे चालायला लागते. ही लाइम बटरफ्लाय या फुलपाखराची अळी. पक्ष्यांनी शिट समजून तिच्याकडे काणाडोळा करावा म्हणून तिनं हे रूप घेतलेलं असतं, आणि माणसंही तितकीच फसतात. फोडणीसाठी तोडलेल्या डहाळ्यांबरोबर अशा कितीतरी अळ्या कचऱ्याच्या डब्यात जातात. त्यातली एखादी वेगळी काढून तिला रोज ताजं पान देत राहिलं, तर साधारण महिन्याभरात त्याच घरातून एक फुलपाखरू उडून जातं.

फुलपाखरू पाळायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, अळी कुठे मिळेल? माझं सांगणं असतं, आधी झाड बघा. अळ्या दिसेल तो पाला खात नाहीत. बहुतेक जातींच्या अळ्यांचं झाड ठरलेलं असतं, फार तर एकाच कुळातली चार-दोन झाडं चालतात. ते नसेल तर अळी उपाशी मरते, पण शेजारच्या हिरव्यागार पानाला तोंड लावत नाही. ही निवड तिची आई करून गेलेली असते. अंडी घालायला निघालेली मादी नुसत्या बघण्यातूनही ओळखू येते. ती फुलांकडे वळत नाही, झाडाभोवती घुटमळत एकेका पानावर क्षणभर टेकते आणि पुढच्या पायांनी पानावर भराभर थापट्या मारते. तिच्या पायांवर चव कळणारे सूक्ष्म केस असतात. पानातली रसायनं पटली की पोट वाकवून ती एक अंडं चिकटवते आणि पुढच्या पानावर जाते. मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळा, गोल थेंब. पालनाची सुरुवात तिथून.

मग कोणती झाडं? लाइम बटरफ्लायला कढीपत्ता, लिंबू, बेल. यांतल्या लिंबू आणि कढीपत्त्यावरच कॉमन मॉरमॉनही येतं आणि लहान वयात दोघांच्या अळ्या इतक्या सारख्या दिसतात की कोण निघणार हे कोष फुटेपर्यंत नवशिक्याला कळत नाही. 2015 मध्ये महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेलं, काळ्या मखमलीवर निळी झाक असलेलं ब्ल्यू मॉरमॉनही याच लिंबाच्या कुळावर वाढतं. असं राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. रुई आणि बागेतलं हळदीकुंकू ही प्लेन टायगरची झाडं. कण्हेरीवर कॉमन क्रो. सोसायटीच्या कुंपणाला रांगेनं लावलेल्या उंच अशोकावर टेल्ड जे. बहावा आणि टाकळ्यावर कॉमन एमिग्रंट, एरंडावर कॉमन कॅस्टर, आंब्यावर बॅरन. आणि ज्यांच्याकडे एका कुंडीपुरतीच जागा आहे त्यांच्यासाठी पानफुटी. तिच्या जाड पानाच्या आत शिरून रेड पिएरोची अळी गर पोखरत जाते. पान उजेडासमोर धरलं की आत सरकणारी सावली दिसते.

झेंडू, टणटणी, सदाफुली लावून फुलपाखरांची बाग केली, असं पुष्कळजण म्हणतात. तशी बाग ही खाणावळ. बाळंतपणाला माहेरचं झाडच लागतं. ठाण्याजवळ ओवळा गावातल्या ओवळेकर वाडीत किंवा गोव्यात फोंड्याजवळ प्रियोळच्या फुलपाखरू उद्यानात जाणाऱ्यांनी फुलांवरून नजर काढून पाल्याकडे वळवावी. खरी मेहनत तिथे झालेली आहे.

कोणती अळी काय खाते, हे आपल्याला कळलं तेही अशाच पालनातून. मारिया सिबिला मेरियान ही जर्मन चित्रकर्ती 1660 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, फ्रँकफुर्टमध्ये रेशमाच्या अळ्या वाढवत होती. पुढे 1679 मध्ये आलेल्या तिच्या पुस्तकात एकेका पानावर अळी, कोष, पंखधारी कीटक आणि ते खात असलेलं झाड अशी सगळी मंडळी एकत्र चितारलेली आहेत. त्या काळच्या संग्राहकांना टाचणीला टोचलेले पंख पुरेसे वाटत, मेरियानला झाडाशिवाय कीटक अपुरा वाटला. आपल्याकडे हे काम कारवारच्या आसपास झालं. जेम्स डेव्हिडसन हे कलेक्टर, टी. आर. बेल हे वनखात्यातले आणि ई. एच. एटकेन मीठ-जकात खात्यातले. एटकेन 1883 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी. या तिघांनी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या फुलपाखरांवरची लेखमाला 1896 पासून सोसायटीच्या नियतकालिकात छापली. अळ्या शोधायच्या, त्यांना पाला पुरवायचा, कात टाकताना रंग कसा बदलतो ते टिपायचं, असं हे काम. नोकरी सांभाळून, फावल्या वेळात. बेल यांनी तर पुढे कित्येक वर्षं मैदानी प्रदेशातल्या फुलपाखरांवर लेखमाला चालवली. आज एखाद्या पुस्तकात ‘अळीचं खाद्य’ या रकान्यात आपण जी नावं वाचतो, त्यांतली कितीतरी या मंडळींनी वाढवलेल्या अळ्यांकडून आलेली आहेत. म्हणून घरच्या पालनाला मी मुलांचा खेळ म्हणत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. सगळ्यात सोपं म्हणजे अळी झाडावरच राहू द्यायची आणि त्या फांदीला मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी चढवून दोन्हीकडून सैल बांधायची. पाला ताजा राहतो, लेंड्या पिशवीच्या तळाशी जमतात, पक्षी आणि पाली लांब राहतात. घरात आणायचीच असेल तर पारदर्शक डबा घ्यावा, तोंडाला झाकणाऐवजी तेच कापड रबरबँडनं लावावं. तळाला कागद, तो रोज बदलायचा. ओल साचलेल्या, लेंड्यांनी भरलेल्या डब्यात बुरशी आणि रोग फार लवकर येतात. एका डब्यात दोन-तीन अळ्या पुरे. अळी बोटानं उचलू नये, ती बसली आहे तो पानाचा तुकडा कापून नव्या पानावर ठेवावा, ती आपली आपण सरकते. डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवली तर बाटलीच्या तोंडाला कापूस कोंबावा, अळ्या देठावरून खाली उतरून बुडतात.

पाल्याबद्दल मात्र कडक राहायला हवं. बाजारातली कढीपत्त्याची जुडी धुऊनही चालत नाही, तिच्यावर फवारणी झालेली असू शकते आणि आपल्याला न जाणवणारी मात्रा अळीला संपवते. नर्सरीतून नवी कुंडी आणली तरी जुनी पानं गळून नवा पाला फुटेपर्यंत थांबावं. रुईचा पाला तोडल्यावर हात धुवावेत, चीक डोळ्यांत जाणं धोक्याचं आहे. प्लेन टायगरच्या अळीला मात्र त्या विषाचा उपयोग होतो. ते अंगात साठवून ती पक्ष्यांना कडू लागते आणि फुलपाखरू झाल्यावरही तो कडूपणा टिकतो.

अंड्यातून तीन-चार दिवसांत अळी निघते आणि आपलं कवच खाते. त्यानंतर सुमारे दोन आठवडे खाणं आणि वाढणं, मधे चार वेळा कात. कात टाकण्याआधी अळी दिवसभर निश्चल बसते. मेली की काय म्हणून तिला हलवणारे खूप असतात, पण तिच्या पायांची पकड सुटली तर कात नीट निघत नाही. चौथ्या कातीनंतर लाइम बटरफ्लायची अळी एकदम हिरवीगार होते. आता ती शिटेएवढी लहान राहिलेली नसते, सोंग बदलणं भाग असतं. या वयातल्या अळीच्या पाठीला गवताच्या काडीनं हलकेच स्पर्श करावा. डोक्यामागून लालसर-नारिंगी, दुहेरी, ओलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. हे अस्त्र मुंग्या आणि लहान शत्रूंसाठी असतं. एकदाच दाखवून सोडून द्यावं, सारखं डिवचलं तर तिची ताकद त्यातच जाते.

एके दिवशी अळी खाणं थांबवते, पातळ विष्ठा टाकते आणि डबाभर फिरू लागते. ही भूक नाही, ती कोषाची जागा शोधत असते. डब्यात एक-दोन खडबडीत काड्या तिरक्या ठेवाव्यात. जागा पसंत पडली की ती काडीवर रेशमाची गादी विणून शेपटाकडची टोकं तिच्यात अडकवते. मग डोकं मागेपुढे फिरवत रेशमाच्या धाग्यांचा एक फास तयार करते आणि त्यात पाठ अडकवून जरा मागे रेलते. दुसऱ्या दिवशी पाठीवर कात उलते आणि डोक्याकडून शेपटाकडे गुंडाळत जाते. हे काही मिनिटांत होतं. खालचा कोष त्या वेळी इतका मऊ असतो की बोट लागलं तरी खळगा पडावा. तो हिरवा होणार की तपकिरी, हे बऱ्याच अंशी भोवतालावर ठरतं, पाल्यात हिरवा आणि वाळक्या काडीवर तपकिरी. कण्हेरीवर कॉमन क्रोचा कोष सापडला तर तो जरूर पाहावा. मुलामा दिल्यासारखा लखलखीत, त्यात बघणाऱ्याचा चेहरा उमटतो.

कोषाच्या आत अळीचे बरेचसे स्नायू आणि अवयव विरघळतात आणि तिच्या अंगात आधीपासून जपलेल्या पेशींच्या चकत्यांपासून पंख, पाय, डोळे घडतात. तरीही सगळं पुसलं जात नाही. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी तंबाखूवरच्या एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वासाबरोबर हलका विजेचा झटका दिला. अळ्या तो वास टाळायला शिकल्या आणि शेवटच्या अवस्थेत शिकलेल्या अळ्यांचे पतंग झाल्यावरही ते तो वास टाळत होते. त्याआधीच्या वयात शिकवलेल्यांना ते आठवत नव्हतं. कोषाकडे बघताना मला हा प्रयोग दरवेळी आठवतो. पानं कुरतडणारा आणि मध पिणारा हे दोन वेगळे जीव आहेत असं म्हणणं त्यानंतर कठीण झालं आहे.

आठ-दहा दिवसांनी कोष काळपट होतो आणि कवचातून पंखांची नक्षी दिसू लागते. बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर येतं. पंख चुरगळलेले, पोट फुगलेलं. ते लगेच वर चढून पंख खाली लोंबतील असं टांगून घेतं आणि पोटातलं द्रव पंखांच्या शिरांत ढकलतं. त्यासाठी भोवती मोकळी जागा हवी. अरुंद डब्यात पंख दुमडलेले वाळले तर ते पुन्हा सरळ होत नाहीत. या वेळी त्याची सोंड नीट पाहावी. ती दोन वेगळ्या अर्ध्या नळ्यांची असते आणि फुलपाखरू सोंड गुंडाळत-उलगडत त्या जुळवून घेतं. दोन-तीन तासांनी, ऊन असताना, झाडाजवळ सोडावं. पाऊस असेल तर थांबावं.

पण दर कोषातून फुलपाखरू निघत नाही. कधी कोषाला एक बारीक भोक पडतं आणि मुंगीएवढ्या, चमकदार, पंखवाल्या माश्या रांगेनं बाहेर येतात. या गांधीलमाशीच्या नात्यातल्या परोपजीवी जाती. एक तर जागा शोधणाऱ्या अळीच्या जवळ दबा धरून बसते आणि कोष मऊ असतानाच त्यात अंडी घालते. दुसऱ्या काही अळीच्या अंगातून बाहेर पडून तिच्याभोवती पांढरे रेशमी कोष विणतात. मुलं रडवेली होतात, मोठी माणसं डबा फेकून देतात. मी म्हणेन की त्या माश्याही सोडून द्याव्यात. लिंबाच्या झाडाला पाला शिल्लक राहतो तो त्यांच्यामुळे. नागपूरकडच्या संत्रा रोपवाटिकेत जाऊन विचारा, कोवळ्या कलमांचा पाला फस्त करणारी कीड म्हणूनच लाइम बटरफ्लायच्या अळीची तिथे ओळख आहे आणि शेतकऱ्याचं म्हणणं रास्त आहे.

म्हणूनच शेकडो फुलपाखरं वाढवून सोडण्याचा मोह टाळावा. उत्तर अमेरिकेत मोनार्क फुलपाखरं विकत घेऊन सोडण्याची मोठी हौस आहे. 2019 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या अभ्यासात, विक्रीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या मोनार्कना शरद ऋतूत दक्षिणेची दिशा धरता येत नसल्याचं दिसलं. दाटीनं वाढवलेल्या अळ्यांतून रोगही बाहेर जातात. आपल्याकडे कायद्याचाही प्रश्न आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत फुलपाखरांच्या अनेक जाती आहेत. क्रिमझन रोझ किंवा घोळीच्या भाजीवर वाढणारं डॅनाइड एगफ्लाय बागेत दिसतं, पण त्यांचं पालन झाडावरच, दुरून बघत करावं. घरासाठी कढीपत्त्यावरची एखाद-दुसरी अळी पुरते.

एक वही जवळ असू द्यावी. तारीख, गाव, झाड, अळीची लांबी, कातीचा दिवस, कोषाचा रंग, आणि कोषातून जे निघेल ते. माश्या निघाल्या तर त्यांचीही नोंद. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की आपल्या गावात कोणतं फुलपाखरू केव्हा येतं ते हातात येतं.

दिवाळीनंतर सुरुवात करणाऱ्यांसाठी एक सूचना उरते. थंडी वाढली की सगळं मंदावतं. लाइम बटरफ्लायचा कोष आठ-दहा दिवसांचा हिशोब सोडून आठवडेच्या आठवडे तसाच राहू शकतो. तो फेकू नये. अलगद हातात घेऊन बघावं. वजन लागत असेल, कवच तुकतुकीत असेल आणि हलक्या स्पर्शानं शेपटाकडचा भाग वळवळत असेल, तर आत जीव आहे. ऊन थेट पडणार नाही अशा हवेशीर जागी काडीसकट ठेवावा, हवा फार कोरडी असेल तर अधूनमधून पाण्याचा अगदी हलका फवारा द्यावा आणि उन्हं तापू लागेपर्यंत रोज सकाळी एकदा नजर टाकावी.