रेशमाचे पीक पेटीतच ठरते

रेशीमशेतीत बॅच फसली की बहुतेकांचे बोट शेवटच्या आठवड्याकडे जाते. पाला कमी पडला, ऊन वाढले, शेजारच्या कापसावरची फवारणी तुतीवर उडाली, कोष बांधण्यासाठी ठेवलेल्या जाळीवर, म्हणजे चंद्रिकेवर, चढलेल्या अळ्यांनी ते बांधलेच नाहीत. यातले कुठलेही कारण खरे असू शकते. तरी अनेकदा पिकाचा निकाल त्याच्या दोन-तीन आठवडे आधी लागलेला असतो. तेव्हा अळी मुंगीपेक्षाही लहान असते आणि एकावर एक रचलेल्या ट्रेच्या बंद पेटीत वाढत असते. या पहिल्या दोन अवस्थांच्या संगोपनाला धंद्यात सगळे ‘चॉकी’ म्हणतात. हे काम प्रत्येक शेतकऱ्याच्या शेडमध्ये न होता प्रशिक्षित चॉकी केंद्रांत व्हावे, असे माझे ठाम मत आहे. मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखात तर त्याला पर्याय दिसत नाही.

अंड्यातून निघालेल्या अळीचे वजन जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असते. पंचवीस-सव्वीस दिवसांत चार वेळा कात टाकून ती सुमारे दहा हजार पट वाढते आणि आयुष्यभराच्या पाल्यापैकी चार पंचमांशाहून अधिक पाला शेवटच्या अवस्थेत खाते. साहजिकच शेतकऱ्याची धावपळ तिथेच होते. पण १०० अंडीपुंजांतून चाळीस-पन्नास हजार अळ्या निघतात, आणि त्या सगळ्या एकाच दिवशी खाणाऱ्या, एकाच दिवशी कात टाकणाऱ्या असल्या तरच पुढचे गणित जुळते. हा सारखेपणा अंड्यापासूनच राखावा लागतो. अंड्यावर काळा ठिपका दिसू लागला की अंडीपुंज काळ्या कागदात गुंडाळून अंधारात ठेवतात. पुढे गेलेले जीव आत थांबतात, मागे राहिलेले त्यांना गाठतात, आणि ठरल्या सकाळी उजेड दाखवला की बहुतेक अळ्या काही तासांत बाहेर पडतात. मग त्यांना ट्रेमध्ये घेऊन तुतीच्या शेंड्याकडचा कोवळा, रसदार पाला बारीक चिरून घालतात. ट्रे एकावर एक रचले की वरच्याचा तळ खालच्याचे झाकण होतो, आतला ओलावा टिकतो आणि पाला पुढच्या खाद्यापर्यंत सुकत नाही. खाद्य देण्याआधी थोडा वेळ ट्रे मोकळे करून हवा खेळू द्यायची, आणि अळ्या कात टाकायला बसल्या की हीच सगळी पद्धत उलटी करायची. खाद्य थांबवायचे, चुना भुरभुरून बिछाना कोरडा करायचा, ट्रे उघडे ठेवायचे. ही वेळ चुकली आणि निम्म्या अळ्या बसलेल्या असताना पाला टाकला, तर बसलेल्या त्याखाली दबतात. थांबावे, तर मागे राहिलेल्या उपाशी मरतात. अशी फूट एकदा पडली की ती शेवटपर्यंत भरून निघत नाही. कोषही मग लहानमोठे, पोचट, वेगवेगळ्या दिवशी उतरणारे मिळतात.

एकाच शेडमध्ये हे साधणे अवघड का, याचे उत्तर अळीच्या गरजांतच आहे. चॉकीच्या अळ्यांना २६ ते २८ अंश तापमान आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. मोठ्या अळ्यांना २४-२५ अंश, ७० टक्क्यांच्या आसपास ओलावा आणि भरपूर खेळती हवा. म्हणजे लहानपणी जे पोषक, तेच मोठेपणी रोगाला आमंत्रण. जालना-बीडकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो आणि हवेत ओलावा नावालाही उरत नाही, अशा वेळी जाळीच्या, हवेशीर शेडमध्ये कोवळ्या अळ्यांसाठी दमट कोपरा तयार करणे म्हणजे एकाच खोलीत दोन ऋतू सांभाळणे. शिवाय मागच्या बॅचची विष्ठा आणि रोगजंतू त्याच शेडमध्ये उरलेले असू शकतात, आणि त्यांच्यापुढे सर्वांत दुबळी ही नवजात अळीच.

केंद्रावर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप रोगाचाच आहे. घरोघरी चॉकी असेल तर एका घरची बॅच जाते, केंद्रात रोग शिरला तर पंचक्रोशीची जाते. हे खरे आहे. पण रेशमाचा इतिहास या आक्षेपाचे उत्तरही देतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पेब्रिन रोगाने फ्रान्सचा रेशीमधंदा कोलमडला होता. १८६५ मध्ये लुई पाश्चर या रोगाच्या अभ्यासासाठी दक्षिण फ्रान्समधल्या आलेस भागात गेला. रोग मादी पतंगाकडून थेट अंड्यात उतरतो हे ओळखून त्याने प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवण्याची, मादीचे शरीर सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची आणि ती रोगी निघाली तर तिची अंडी नष्ट करण्याची पद्धत बसवली. अंडीनिर्मिती केंद्रे आजही मादी पतंगांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करतात. बियाणे मोजक्या ठिकाणी तयार होऊ लागले म्हणून धोका वाढला नाही, कारण तपासणी त्याच मोजक्या ठिकाणी बसवता आली. हजारो घरांत सूक्ष्मदर्शक पोहोचला नसता. चॉकीलाही हाच न्याय लागू होतो. रेशीमकिड्यांच्या बियाण्यासाठी केंद्रीय रेशीम मंडळाचे २०१० चे विनियम आहेत आणि त्यांत चॉकी केंद्रांच्या नोंदणीचीही तरतूद आहे. नोंदणी कागदावर राहू नये, तपासनीस प्रत्यक्ष ट्रेपर्यंत जावा, एवढा आग्रह धरणे आपले काम आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. अंडीपुंजांपेक्षा चॉकी अळ्या महाग पडतात आणि लहान शेतकऱ्याला घरचे श्रम फुकटच वाटतात. पण त्या श्रमांत सात-आठ दिवसांचे डोळ्यांत तेल घालून केलेले काम असते. ते बहुधा घरातल्या बायांच्या वाट्याला येते आणि हिशेबात धरलेच जात नाही. तयार अळ्या घेतल्या तर शेड तेवढे दिवस मोकळी राहते, नीट निर्जंतुक करता येते. राहिला वाहतुकीचा प्रश्न. अळ्या दुसऱ्यांदा कात टाकायला बसलेल्या असताना खात नाहीत, त्यामुळे त्याच अवस्थेत, पहाटेच्या किंवा रात्रीच्या गारव्यात त्या सुखरूप नेता येतात. मात्र केंद्र फार दूर असेल तर हा फायदा संपतो.

महाराष्ट्रात दरवर्षी महारेशीम अभियानात तुती लागवडीसाठी नवे शेतकरी नोंदवले जातात, रोजगार हमीतून लागवडीला आणि संगोपनगृहाला मदत मिळते. २०१८ पासून जालन्यात कोषांचा खुला बाजारही आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी कोष घेऊन कर्नाटकातल्या रामनगरला जावे लागत नाही. लागवड आणि बाजार यांच्यामधल्या चॉकीच्या दुव्याकडेही तेवढेच लक्ष द्यायला हवे. नव्या एकरांचे उद्दिष्ट ठरवताना त्या गावाला तयार अळ्या कोणत्या केंद्रातून आणि किती तासांत पोहोचतील, हेही त्याच कागदावर लिहिले जावे. आणि शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक ट्रेसोबत अंडीपुंज कुठले, अळ्या कोणत्या तारखेला निघाल्या आणि मागची बॅच गेल्यावर केंद्र कधी निर्जंतुक केले, याची चिठ्ठी असावी.